पिशवीवरचा समुद्र

आमच्या किराणा दुकानाच्या तपकिरी पिशवीवर
दर जूनमध्ये आखाताचा नकाशा छापून येतो.
एका अंगाला कॉफीची जाहिरात, दुसऱ्या अंगाला समुद्र.
पिशवी उसवून, वरून इस्त्री फिरवून
मी ती फ्रिजच्या दाराला लावते.
पेन्सिल गेल्या सालचीच असते.

पहाटे चारला रेडिओ आकडे सांगतो.
एकवीस पूर्णांक आठ उत्तर. पंच्याऐंशी पूर्णांक पाच पश्चिम.
दाब नऊशे अठ्ठ्याहत्तर.
क्युबा आणि युकातानच्या फटीतून
दार न वाजवता आत आलंय.
ठिपका.
त्याला नाव ठेवलंय त्यांनी. मी घेत नाही.
नाव घेतलं की पाहुणा जेवूनच जातो.

ओविद म्हणतो, लांब आहे अजून.
म्हणतो, आणि दोर मोजायला जातो.
दुपारपर्यंत कोळंबीची बोट बायूत वर नेऊन
सरूच्या चार झाडांना बांधून येतो,
दोर सैल ठेवून. पाणी चढलं तर बोटीलाही चढू द्यावं लागतं.

ह्यूस्टनहून मुलगा फोनवर चित्रं पाठवतो,
लाल, जांभळी, मध्ये एक पांढरा शंकू
आमच्याकडे येता येता रुंद झालेला.
"आई, आपण शंकूत आहोत."
आपण, म्हणाला. बारा वर्षं झाली त्याला इथून जाऊन.
शंकेचाच तो शंकू.
उद्यापुरती चिंचोळी, परवासाठी गावंच्या गावं मावतील एवढी.

नऊशे एकसष्ट.
आकडा उतरतो तसं वादळ चढतं,
हे गणित इथल्या पोरांना पाढ्यांच्या आधी येतं.
रात्री दहाला बाई सांगते, डोळा स्वच्छ झाला.
माणसाचा झाला तर बरं वाटतं.
नऊशे अठ्ठेचाळीस.
पट्टी सापडत नाही म्हणून
तत्काळ धावून येणाऱ्या मेरीमातेचं कार्ड आडवं धरते,
त्याच्या कडेने शेवटचे तीन ठिपके जोडून रेघ पुढे ओढते.
रेघ स्वयंपाकघरात येते.

दुसऱ्या दिवशी ठिपका किंचित डावीकडे पडला.
ओविद म्हणाला, डुलतंय नुसतं. दारुड्याची चाल बघून
त्याचं घर ओळखू नये.
एक वाजता पुन्हा डावीकडे.
चारला मी एकटीच होते.
सत्तावीस पूर्णांक सहा. एक्क्याण्णव पूर्णांक चार.
मी ऐकलं नीट,
आणि ठिपका केसभर आणखी डावीकडे दिला.
बोटाने ढकलतात तसा.

त्यानंतर ते खरंच वळलं.
जिवात जीव आला.
कुणाचा आला, ते तेव्हा विचारलं नाही.

डावीकडे काय आहे हे मला माहीत नव्हतं थोडंच.
दीडशे मैलांवर ग्रँड शेनिए,
ओकच्या झाडांची उंच वरंबी, गुरं,
आणि माझी नणंद अर्लीन, जिने कधी गाव सोडलं नाही.
साडेपाचला तिचा फोन.
"निघतेय गं. कोंबड्या उघड्या सोडल्यात."
आणि मग, "तुमचं टळलं, बरं झालं."
तिच्या आवाजात खोट नव्हती. तेच टोचलं.

आमच्याकडे पाणी तिसऱ्या पायरीपर्यंत आलं,
चौथीवर एक खेकडा बसवून परत गेलं.
रेडिओ रात्रभर तिच्या गावाचं नाव घेत होता,
मग घेईनासा झाला.

अर्लीन चौथ्या दिवशी आली,
शेजाऱ्याच्या ट्रकमधून, एक घमेलं आणि शिवणयंत्र घेऊन.
घराचे खांब उभे आहेत म्हणाली. खांबच.
कॉफी घेतली. फ्रिजपाशी उभी राहिली,
खालपासून वरपर्यंत एकेका ठिपक्यावर बोट ठेवत गेली,
माळ ओढावी तशी.
एकावर थांबली.
"हा रेघेत नाही. हात हलला का तुझा?"

हो, म्हटलं.
साखर पुढे केली.